दोन आठवडे नुसती पकडच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा आक्षेप असा: मुलीची अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ड्रमलाइनची (चालत वाजवणाऱ्या बँडमधल्या तालवाद्यांच्या तुकडीची) ऑडिशन सहा आठवड्यांवर आली आहे, आणि मार्चिंग सिंबल्सवरच्या (चालत वाजवायच्या मोठ्या झांजांवरच्या) माझ्या लेखात पहिले दोन आठवडे क्रॅश, म्हणजे दोन सिंबल्स एकमेकींवर आदळून काढायचा आवाज, न वाजवता पकड आणि पावलंच घोटायला सांगितली आहेत. गणपतीच्या पथकातली पोरं झांज हातात घेतली की पहिल्याच दिवशी वाजवतात, मग हा वेळ वाया नाही का?

नाही. पथकातली झांज लहान आणि हलकी असते. मार्चिंग सिंबल्स बहुधा 18 इंचांच्या, जोडी तीन किलोच्या वर. ती बोटांवर पेलत नाही, म्हणून गारफील्ड ग्रिप ही पकड. हात पट्ट्यातून मनगटापर्यंत घालायचा, मग मनगट वळवून तळवा बेलवर, म्हणजे सिंबलच्या मधल्या फुगवट्यावर, टेकवायचा. पट्टा अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातून हाताच्या पाठीवर ताणून बसला पाहिजे. सैल राहिला तर सिंबल डुगडुगते आणि कातडी सोलते. अशा वेळी गाठ सोडून पट्टा तिच्या हाताच्या मापाने पुन्हा बांधा. खांदे भरून येणं ठीक आहे. बोटांना मुंग्या आल्या तर मात्र लगेच थांबवायचं.

पकड डळमळीत असताना क्रॅश वाजवला तर काय होतं, ते नीट ऐकून पाहा. दोन्ही कडा एकदम, तंतोतंत जुळून आदळल्या की आत हवा कोंडते. ‘फट्’ असा मेलेला आवाज येतो आणि दोन्ही सिंबल्स एकमेकींना चिकटतात. नवशिकी मुलं मग आणखी जोर लावतात, त्याने हवा आणखीच कोंडते. उपाय जोरात नाही, कोनात आहे. एक सिंबल दुसरीपेक्षा साधारण इंचभर सरकलेली ठेवायची, खालची कड आधी टेकवायची आणि लगोलग वरची. या दोन टेकण्यांमधला वेळ इतका कमी हवा की कानाला एकच आवाज यावा. वाढला तर दोन ठोके ऐकू येतात. काही ड्रमलाइनमध्ये वरची कड आधी टेकवतात, तेव्हा ऑडिशनच्या पॅकेटमध्ये (आधी मिळणाऱ्या सूचनांच्या कागदांत) असेल तेच धरा. हा कोन मनगट स्थिर असेल तरच दर खेपेला सारखा येतो. म्हणून आधी पकड.

ताकद यावी म्हणून 20 इंची जोडीवर सराव करण्याची तुमची सूचना मला अजिबात पटत नाही. थकलेला हात कोन बिघडवतो आणि तोच बिघडलेला कोन अंगवळणी पडतो. त्यापेक्षा 18 इंची जोडी छातीसमोर दोन मिनिटं धरायची, एक मिनिट विश्रांती, असं चार वेळा. कानात इअरप्लग हवेतच.

पावलांचं थोडक्यात: मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, डावा पाय पहिल्या मात्रेवर, जागच्या जागी. मग हळूहळू 120. परीक्षक पाय बघतातच.

तिसऱ्या आठवड्यापासून क्रॅश, आणि त्याच्यासोबतच क्रॅश-चोक. यात वाजवल्यावर दोन्ही कडा पोटाशी ओढून नाद नेमक्या मात्रेवर तोडायचा असतो. ऑडिशनला नवखी मुलं इथेच उशीर करतात, तेव्हा नाद चारवर तुटायला हवा असेल तर हात तिनापासूनच आत यायला लागले पाहिजेत.