‘ज्याला दडपण येतं तो मुळात कच्चा’: एका जुन्या मल्लाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून वेगळं लिहितेय. इतरांसाठी थोडक्यात सांगते. स्पर्धेतलं दडपण सोसायची तयारीसुद्धा मेहनतीसारखी रोज करून घ्यावी लागते, असं मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: “ही शहरी थेरं आहेत. आमच्या वस्तादांनी मेहनत, खुराक आणि काठी एवढ्यावर पैलवान घडवले. खाशाबांच्या मागं कुठला मानसतज्ज्ञ होता? ज्याला दडपण येतं तो मुळात कच्चा.”

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण खरं भांडण तिथंच आहे.

मॅथ्यू एमन्स हा अमेरिकन नेमबाज. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यानं 50 मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून रायफल चालवायच्या प्रकारातलं, सुवर्ण जिंकलं. मग त्याच स्पर्धेत 50 मीटर थ्री पोझिशन्सची (गुडघ्यावर म्हणजे नीलिंग, झोपून आणि उभं राहून) अंतिम फेरी. हा पुढे होता, एकच गोळी उरलेली, साधारण नेम लागला असता तरी दुसरं सुवर्ण त्याचं. गोळी सुटली ती शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य गुण, पहिल्यावरून थेट आठवा. चार वर्षांनी बीजिंगला तोच प्रकार, पुन्हा आघाडी, पुन्हा शेवटची गोळी, आणि गुण 4.4. चौथा आला. 2012 ला लंडनमध्ये मात्र याच प्रकारात त्यानं कांस्य घेतलं. आता सांगा, याला कच्चा कसं म्हणायचं? दोनदा असं हात दाखवून गेलेल्या रेषेवर तिसऱ्यांदा उभं राहायला काय लागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

अथेन्सला नेमकं काय झालं? एमन्स एरवी आधी वरचा लेनचा नंबर बघायचा आणि मग बंदूक खाली टार्गेटवर आणायचा. त्या एका गोळीला नंबर बघायचा राहिला, कारण सगळं लक्ष स्वतःला शांत करण्यात गुंतलं होतं.

म्हणजे त्याचं चुकलं ते घाबरून नव्हे. ‘शांत हो’ हे काम त्यानं अंगावर घेतलं आणि रोजचं काम हातातून निसटलं. आपण मॅटच्या कडेला उभं राहून पोरांना हेच ओरडून सांगतो की नाही? शांत राहा, टेन्शन घेऊ नको! छातीतली धडधड हुकमावर थांबत नाही. ती चालू असताना मनाला धरायला काहीतरी ठरलेलं काम द्यावं लागतं. माझ्या अख्ख्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं, कदाचित श्वासाच्या व्यायामांच्या वर्णनात ते दिसलं नसेल. (श्वासाचं काम छोटं आहे. सोडताना घेण्यापेक्षा लांबवला की नाडी थोडी मंदावते. नेमबाजाला त्याचा उपयोग मोठा, मल्लाला बेताचा.)

दडपणात बिघडतो तो बहुतेक वेळा कसलेला माणूस, याचं कारणही सांगते. जी गोष्ट हजारो वेळा केली ती हात आपोआप करतात, त्यांना देखरेख लागत नाही. जिंकायचं ओझं आलं की मन देखरेखीला धावतं. रोजच्या जिन्यावरून उतरताना पुढचं पाऊल नक्की कसं पडतंय याचा विचार करून बघा, पाय अडखळेल. नवख्याला हा त्रास कमी, कारण तो एरवीही विचार करूनच खेळत असतो.

रिचर्ड मास्टर्स या संशोधकानं 1992 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोल्फ कधीच न खेळलेल्या लोकांना त्यानं चेंडू खळग्यात घालायला शिकवलं. काहींना नियम देऊन, असं उभं राहा, काठी अशी धर. काहींना एकही नियम न देता, वर त्यांना सतत अक्षरं बोलायला लावून, म्हणजे डोक्यात नियम तयारच होऊ नयेत. नंतर दडपण वाढवलं तेव्हा नियम पाठ असलेल्यांचा खेळ ढासळला, दुसऱ्यांचा तसा ढासळला नाही.

काका, इथं तुमचे वस्ताद जिंकले! ते घिस्सा डाव समजावून सांगत नव्हते. जोडीदाराशी जोर करताना तुम्हाला दहा वेळा घिस्सा बसला की अकराव्या वेळी तो तुम्ही मारायचात, आणि पाय कुठं ठेवला हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तालमीतलं ते न बोलता शिकवणं दडपणाला पुरून उरतं. आजचे काही कोच मोबाईलवर स्लो मोशन दाखवून प्रत्येक सांध्याचं प्रवचन देतात आणि लढत चालू असताना तेच कोपऱ्यातून ओरडतात. त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलं असतं तर मी खाली टाळ्या वाजवल्या असत्या.

पण मग तालीम सगळं देते का? माझं मत, नाही. तुमची कुस्ती तांबड्या मातीतली. खडाखडी होते, समोरच्याचा अंदाज घेता येतो, आखडलेलं अंग मोकळं व्हायला वेळ मिळतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. त्यात मागे-मागे राहिलात तर पंच तीस सेकंदांचं घड्याळ लावतो, तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला गुण. अंग मोकळं व्हायची वाट बघायला त्या खेळात जागाच नाही.

आता खाशाबा जाधव. मानसतज्ज्ञ नव्हता, कबूल. पण 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य मिळालं, ही चार वर्षं विसरू नका. मॅट, परके नियम, अनोळखी पंच, हे सगळं त्यांनी एकदा अंगावर घेतलेलं होतं. दडपणाची तालीम म्हणतात ती हीच. त्यांना ती ऑलिंपिकमध्येच करावी लागली. आपल्या पोरांना आपण ती घरच्या घरी देऊ शकतो.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातली पोरं घ्या. राही सरनोबतचं 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण बरोबरीनंतरच्या शूट-ऑफमध्ये आलं, आणि पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटल्यानं दुसरा घ्यावा लागला. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसमध्ये एमन्सच्याच थ्री पोझिशन्स प्रकारात खेळला. अंतिम फेरीत नीलिंगनंतर सहावा, प्रोननंतर पाचवा, आणि सगळ्यात अवघड उभ्या पोझिशनमध्ये वर सरकत 451.4 गुणांनी तिसरा. या दोघांना धडधड झाली नसेल असं कुणी म्हणालं तर मी हसेन.

फुटबॉलचं एका वाक्यात, कारण आपल्याकडं संघही तालमींच्याच नावानं चालतात: शाहू स्टेडियमवर पेनल्टी घेणारा पोरगा शिट्टी वाजताक्षणी धावत सुटला की मला भीती वाटते. नॉर्वेच्या गेयर यॉर्देत यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्ट्या तपासल्या, त्यातही घाई करणारे जास्त चुकतात असंच दिसलं. एकदाचं संपवून टाकायची ती घाई असते.

तुमची एक तक्रार मात्र शंभर टक्के मान्य. स्टेजवरून आरोळ्या ठोकायला लावणारी, निखाऱ्यावरून चालवणारी शिबिरं मलाही थेरंच वाटतात. दोन दिवस अंगात वारं भरतं आणि तिसऱ्या दिवशी पोरगं होतं तिथंच. पण त्यांच्यावरचा राग ‘कच्चा’ या शब्दातून पोरांवर काढू नका. हा शिक्का बसेल या भीतीनं पोरं झोप लागत नाही हेसुद्धा सांगत नाहीत. मग आपल्याला कळतं ते थेट हरल्यावर.

शेवटी नातवाबद्दल विचारलंत, की तालमीत सगळ्यांना लोळवतो आणि जिल्हा स्पर्धेत मॅटवर पाय ठेवला की लाकूड होतो. त्याला जिंकून ये म्हणू नका आणि शांत राहा असंही नको. पहिल्या वीस सेकंदांचं एकच काम त्याच्याकडून ठरवून घ्या, त्याला आवडणारं. समजा, समोरच्याचं डावं मनगट पकडायचं. बाकी काही सुचलं नाही तरी चालेल, मनगट सुटता कामा नये. मॅटवर जायच्या आधीच्या गोष्टीही दर वेळी त्याच क्रमानं. मग आठवड्यातून एकदा तालमीत खरी स्पर्धा भरवा: अनोळखी जोड, कडेला चार माणसं आरडाओरडा करायला, अंगावर सिंगलेट (मॅटवरचा अंगाला चिकटणारा पोशाख), भिंतीवर घड्याळ, आणि मधेच पंचाचा एक निर्णय मुद्दाम त्याच्या विरोधात. तो चिडेल, चिडू दे. नंतर एवढंच विचारा, मनगट धरलं होतंस का? हरला की जिंकला ते विचारू नका, निदान घरी जाईपर्यंत तरी.

आणि पंच तुम्हीच व्हा. तुमच्याविरुद्ध दाद मागायची त्याची हिंमत होणार नाही.