तळपाय कोण पाहणार?

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात यंदाच्या आरोग्य शिबिरासाठी फोटोवरून त्वचेचा कर्करोग ओळखणारे उपकरण घ्यावे आणि बाहेर राहणाऱ्यांनी त्यासाठी वर्गणी द्यावी, असे पुतण्याने सुचवले. वडीलधाऱ्यांनी ते लगेच उडवून लावले: हा गोऱ्यांचा रोग, जन्मभर वावरात राबलेल्याला ऊन काय करणार? अकरा वर्षे ब्रिस्बेनमध्ये राहिल्यावर मला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात.

क्वीन्सलँडमध्ये या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असल्याने इथे त्वचेची तपासणी दातांच्या तपासणीइतकी नेहमीची आहे. माझ्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी पाठीवरचे तीळ झटपट पाहिले, मग मोजे काढायला लावून तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे डर्मोस्कोपखाली सावकाश न्याहाळली. हे हातात मावणारे भिंग त्वचा दहापट मोठी दाखवते आणि पृष्ठभागाखालच्या रंगाची ठेवणही त्यातून दिसते. सावळ्या माणसाचे इथेच पाहावे लागते, असे त्या म्हणाल्या.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन उन्हापासून बरेच संरक्षण देते, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरेच आहे. परंतु सावळ्या त्वचेतला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा घातक कर्करोग, बहुधा तळवे, तळपाय आणि नखांखाली, म्हणजे ऊन न पोचणाऱ्या जागी होतो आणि पायाचे कुरूप किंवा ठेचाळलेले नख समजून अंगावर काढला जातो. दुसरा कर्करोग भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत उद्भवतो. माझ्या मोठ्या काकांचा कुष्ठरोग औषधाने बरा झाला, पण पायाची संवेदना परतली नाही. टाचेखालच्या जखमेवर काकू रोज हळद भरून धुवट लुगड्याची पट्टी बांधत असे. जखमेच्या कडा फुलकोबीसारख्या उचलल्या गेल्या, घाण वास येऊ लागला, तरी दुखत नाही म्हणून कोणी घाई केली नाही. बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी, झाली तेव्हा पाय गुडघ्याखालून कापण्यावाचून इलाज उरला नव्हता.

पुतण्याच्या उपकरणाविषयी माझी शंका इथेच आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० चित्रांवर संगणकाला शिकवून तो त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचे निदान करतो, असे दाखवले. मात्र २०२२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी अशा प्रणाली गडद त्वचेवर कमी पडतात, हेही दाखवून दिले. काकांच्या टाचेसारख्या टाचा त्यांनी कितीशा पाहिल्या असतील?

म्हणून वर्गणी मी देणार आहे, पण ती मोबाइलला जोडता येणाऱ्या डर्मोस्कोपसाठी. आशाताईंनी तीन महिन्यांत न भरलेल्या प्रत्येक जखमेचा शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, तळपायावरचा नवा काळा डाग टिपावा, आणि ते सेवाग्राम किंवा नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पाहावे. रुग्णाची संमती घेऊन हीच चित्रे उद्या संगणकालाही शिकवता येतील. वर्गणीतला मोठा वाटा मात्र गाडीभाड्यासाठी राखावा, कारण बायोप्सीला एकदा आणि अहवालाला पुन्हा एकदा जाताना मजुराचे दोन रोज बुडतात, आणि काकांची दुसरी खेप त्यामुळेच दोन महिने लांबली होती.