दोन ताऱ्यांचा कमिशनर

चित्रपटात काम करण्याची हौस मला कधीच नव्हती. परंतु नाशिकमध्ये राहून असल्या गळेपडू निमंत्रणाला नकार देणे सोपे नसते, कारण 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके येथे कोणाच्याही मदतीला धावून येतात. घरोघरी सीडीवर पाहण्यासाठी एक पोलीसपट काढायला निघालेल्या माझ्या भाच्याच्या मदतीलाही ते आले. “मामा, फाळक्यांनी ग्रँट रोडच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला तारामती केलं, मग तुम्हाला कमिशनर व्हायला काय होतंय?” असे त्याने विचारले आणि 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या त्या आचारी साळुंक्यांपुढे माझे काही चालले नाही.

आयुक्तालय आमच्याच दिवाणखान्यात थाटण्यात आले. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये घरघर येते म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद झाला. खलनायक अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असल्यामुळे त्याला दुपारच्या आत मरणे भाग होते, म्हणून शेवटची मारामारी सकाळी सर्वांत आधी उरकण्यात आली. त्यानंतर त्या मयताने आमच्याकडे पोहे खाल्ले, वर लिंबू मागून घेतले आणि उरलेल्या वेळात दोन खून केले.

खरा प्रश्न गणवेशाचा होता. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून खाकी गणवेश एकच आणला होता, आणि तो नायकाच्या मापाचा होता. त्यामुळे इन्स्पेक्टर आणि कमिशनर यांची अख्ख्या चित्रपटात समोरासमोर गाठ पडलेली नाही. नायक कडक सॅल्यूट ठोकतो तो आमच्या शोकेसला, कारण त्या वेळी साहेब आतल्या खोलीत बनियनवर बसलेले असतात. मग त्याच्या घामाने भिजलेला तोच शर्ट चढवून मी रिकाम्या दाराकडे पाहत त्याला निलंबित करतो. माझ्या अंगात शर्टाचे मधले बटण लागेना, तेव्हा पोटापुढे एक फाइल उघडी धरण्याची सूचना झाली. ती फाइल घराच्या वीजबिलांची होती.

त्यातही खांद्यावर उपनिरीक्षकाचे दोन तारे आणि लाल-निळी फीत होती. आयुक्तांच्या खांद्यावर तलवार आणि दंडुका यांची फुली असते, एवढे मी भाच्याला निक्षून सांगितले. राज्याची पोलीस अकादमी ज्या गावात आहे आणि तुकडीमागून तुकडी उपनिरीक्षक जेथे घडून बाहेर पडतात, त्या गावात असला कमिशनर दाखवणे म्हणजे केवळ धाडस होते. (अकादमीची धास्ती त्यालाही असावी, कारण त्र्यंबक रस्त्यावर ठरलेला पाठलाग त्याने ऐनवेळी गंगापूर रस्त्याकडे वळवला. ओम्नीच्या काचेवर चिकटवलेला ‘पोलीस’ हा कागद सोमेश्वरच्या अलीकडेच उडाला, आणि उरलेला पाठलाग दोन खासगी वाहनांमध्ये झाला.)

भाचा मात्र निश्चिंत होता. व्हीसीडीवरचे चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचे, म्हणजे सगळे मिळून लाखभर ठिपके; त्यांत टेबल, शोकेस, फाइल आणि मी एवढे मावल्यावर ताऱ्यांच्या वाट्याला काय उरणार, असा त्याचा हिशेब होता. तो बरोबर निघाला. पडद्यावर माझ्या खांद्यावरचे तारे तर दिसत नाहीतच, परंतु चेहराही दिसत नाही. शेजाऱ्यांनी मला ओळखले ते वीजबिलांच्या फाइलवरून.

व्हीसीडीच्या एका तबकडीत साधारण 74 मिनिटेच मावतात आणि भाच्याने चित्रपट नेमका तेथेच तोडला. “या शहरात एकाही गुन्हेगाराला मी...” एवढे बोलून मी थांबतो आणि दुसरी सीडी घालण्याची सूचना झळकते. आमचा प्लेअर ती दुसरी सीडी घेतच नाही. त्यामुळे त्या गुंडाला मी सोडून दिले, असे आईचे ठाम मत आहे, आणि घरी कोणी पाहुणा आला की ती त्याला तसे सांगतेही.