३१ फेब्रुवारीचा खाडा

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे आणि त्याला दोरीने बांधलेली एक पेन्सिल लोंबते. दूध आलं नाही की बायको त्या तारखेवर फुली मारते. या व्यवस्थेत वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मी नुकताच ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलो होतो. माणूस नवीन पकड विकत घेतो तेव्हा घरातले सगळे नळ त्याला गळके दिसू लागतात, तसं माझं झालं.

चार महिन्यांचे खाडे तुंबले होते. बिल दरमहा पूर्ण दिलेलं, वजावट बाकी. "मी करतो हिशोब," मी म्हणालो. बायको काही बोलली नाही. हे लक्षण मी ओळखायला हवं होतं.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्पचं काम सुरू केलं ते लिस्टसाठी. नावच त्यावरून आलं. लिस्ट म्हणजे पंगत. दहाव्या पानावर मीठ पोचवायचं तर वाढप्याला पहिल्या पानापासूनच चालत जावं लागतं. व्हेक्टर म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची ओळ. त्याचं तसं नाही, थेट दहाव्या पानापुढे उभं राहता येतं. खाड्यांना हेच हवं होतं. एका महिन्याची ३१ घरं, प्रत्येक घरात १ लिटर. दूध नाही आलं तर तिथे ०. घरातलं वाचायला 'एरेफ', बदलायला 'एसेट'. इतकं सोपं, की मी चहा घेऊनच बसलो.

जानेवारीत ३० आणि ३१ तारखेला खाडा. ३० लिहून नोंदवला, निमूट झाला. ३१ लिहिला तर खालून कळवण्यात आलं, 'आर्ग्ज आउट ऑफ रेंज', म्हणजे आकडा हद्दीबाहेर. जानेवारीला ३१ तारीख नसते हे मला नवीन होतं. दहा मिनिटांनी आठवलं की व्हेक्टरची मोजणी शून्यापासून असते. म्हणजे जानेवारीची पहिली तारीख ही शून्य तारीख, आणि मघाशी 'निमूट झालेला' ३० चा खाडा मुळात ३१ च्या घरात जाऊन बसला होता. चूक करूनही जे गप्प बसतं त्याची जास्त भीती वाटते. (बायकोचा उल्लेख वर आलाच आहे.)

त्यात लिस्टमधलं अमुक क्रमांकाचं काढून देणाऱ्या 'एनटीएच'ला आधी आकडा आणि मग लिस्ट द्यायची, तर 'एरेफ'ला आधी व्हेक्टर आणि मग आकडा. लग्नात आहेराचं पाकीट आधी द्यायचं की नमस्कार आधी, तसा माझा दर वेळी गोंधळ, आणि दर वेळी 'राँग टाइप आर्ग्युमेंट', म्हणजे भलतीच वस्तू हातात दिली. स्कीम ही लिस्पची १९७५ सालची धाकटी पाती. तिच्यात घरातलं बदलणाऱ्या फंक्शनच्या नावालाच उद्गारचिन्ह असतं, म्हणजे निदान हात लावण्याआधी माणूस दचकतो. आमचं 'एसेट' अगदी साधंभोळं. बदल करतं आणि नवी किंमत तळाला दाखवतं. मी खाडे भरत गेलो, ते '०', '०', '०' म्हणत राहिलं. मार्चचे ५, एप्रिलचे ४. फेब्रुवारीत एकही नाही.

बेरीज मारली. खाडे ४४.

तेवढ्यात दूधवाला आलाच. मी दारातूनच म्हणालो, "चव्वेचाळीस खाडे आहेत. साठ रुपयांनी दोन हजार सहाशे चाळीस."

तो कॅन खाली ठेवून म्हणाला, "काका, चार महिन्यांत चव्वेचाळीस? मग चहा कशाचा प्यायलात?"

"मशीनचा हिशोब आहे," मी म्हणालो, आणि पुरावा म्हणून फेब्रुवारी उघडला. फेब्रुवारीत ११ खाडे. त्यातला एक ३० तारखेचा, एक ३१ चा.

तो लॅपटॉपकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे.

भानगड अशी की बारा महिने बनवताना मी 'मेक-व्हेक्टर'ला सांगितलं होतं, बारा घरं कर आणि प्रत्येकात ३१ घरांचा व्हेक्टर ठेव. त्याने आतला व्हेक्टर एकदाच केला आणि तोच बाराही ठिकाणी ठेवला. बारा दारांना बारा पाट्या, आत खोली एकच. मार्चच्या दारातून शिरून फुली मारली की ती दिवाळीच्या महिन्यातही उमटायची. खरे खाडे ११, चार महिन्यांत मोजले म्हणून ४४. डिसेंबरपर्यंत मोजले असते तर १३२ झाले असते, आणि त्यातले बरेचसे अजून यायच्या दिवसांचे.

मग 'डूटाइम्स'चा फेरा लावून प्रत्येक महिन्याला नवा कोरा व्हेक्टर दिला. लिस्पमध्ये सगळंच कंसात लिहायचं, म्हणून शेवटचे पाच कंस कुठे मिटतात ते बोटाने मोजून पाहिलं. सगळे खाडे पुन्हा भरले, या खेपेला पहिल्यापासूनच तारखेतून एक वजा करून. फेब्रुवारी स्वच्छ. एकूण ११, रुपये ६६०. मी लॅपटॉप उचलून विजयी चेहऱ्याने स्वयंपाकघरात गेलो.

"सहाशे साठ!"

"ते त्याने मघाशीच वजा केले, जाता जाता," बायको दूध गॅसवर ठेवत म्हणाली. "आणि अहो, उद्या तो गावी चाललाय. पेन्सिलीला जरा टोक करून ठेवा."