भाव पाडा असं मी म्हटलं नव्हतं, पण…

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ‘कमी पैशांत कादंबरीला संपादक’ हा माझा लेख म्हणजे घरून काम करणाऱ्या संपादकांच्या पोटावर पाय, ‘नमुन्याची पाच पानं फुकट करून मागा’ ही तर लबाडीच, आणि ज्याला परवडत नाही त्यानं संपादकाच्या वाटेला जाऊच नये.

नमुन्याचं मान्य. चार जणांकडून पाच-पाच पानं करून घेऊन गायब होता येतं, हे लिहिताना डोक्यातच आलं नाही. ते वाक्य आज बदललं : नमुन्याचेही पैसे द्यायचे.

बाकीच्या दोन्हींवर मात्र भांडणार आहे.

माझी पहिली कादंबरी मी खर्च नको म्हणून ओळखीतल्या निवृत्त सरांकडे दिली होती. सरांनी दोन महिने इमानेइतबारे एकेक वेलांटी तपासली. पण माझा निफाडचा गडी ‘काय करून राह्यला रे?’ असं विचारतो, तिथे लाल शाईनं ‘काय करतो आहेस?’ झालेलं. पानोपानी. पैसे दिलेले नाहीत, त्यामुळे ‘सर, हे पहिल्यासारखं करा’ म्हणायची सोय नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळून स्पायरल करून आणलेली ती प्रत पुढ्यात घेऊन मीच एकेक संवाद पुन्हा बिघडवत बसलो.

मग पैसे मोजून संपादक गाठल्या. त्यांचं पहिलंच टिपण : ‘तिसऱ्या प्रकरणात दसऱ्याला छाटणी, चौथ्यात दिवाळीला द्राक्षं गाडीत भरताहेत. वीस दिवसांत?’ गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी वेल छाटल्यावर, माल काढणीला यायला चारेक महिने लागतात, हे पिंपळगावचं शाळकरी पोरही सांगेल. मी नाशिककर, आणि चूक धरली कोकणातल्या बाईंनी! सरांच्या नजरेतून ती सुटली, कारण ते मुद्रितशोधन, म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका काढायचं काम, करत होते. संपादन मी त्यांच्याकडे मागितलंच नव्हतं.

आता पैशांचं. बाईंनी शब्दाला जो दर सांगितला, तो मी मुकाट्यानं मान्य केला. कात्री लावली ती कामाला. ९०,००० शब्द होते. मोठ्यानं वाचत वाचत १९,००० स्वतःच उडवले. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणून तुटलेली जोडाक्षरं निस्तरली, नाहीतर त्यांचे दोन दिवस त्यातच गेले असते. अख्ख्या कादंबरीवर फक्त अभिप्राय घेतला आणि ओळीन् ओळ संपादन पहिल्या तीन प्रकरणांचं. त्यांच्या खुणा बघून पुढची मी केली, कुठे जमलं, कुठे नाही. पैसे तीन हप्त्यांत, पहिला आगाऊ.

अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्ट करून रात्री लिहिणाऱ्या पोरालाही एवढं जमू शकतं. तीन प्रकरणांपुरते का होईना, तुमचे पैसे तो तुमच्या दरानं देणार असेल, तर त्यात तुमचं नुकसान कुठे, हे मला खरंच कळलं नाही.

पाच पानांच्या नमुन्याचे तुम्ही किती घेता, तेवढं कळवा. तुमची हरकत नसेल तर आकडा लेखात टाकतो. आणि नव्या कादंबरीची पाच पानंही पाठवतो. तिच्यात द्राक्षं नाहीत.