हुक अडकवायचा कुठे?

गेल्या महिन्यात साइटवर एकाला हटकलं. सहाव्या मजल्याच्या परांचीवर उभा. डोक्यात हेल्मेट, अंगात बेल्ट, आणि बेल्टचा हुक स्वतःच्याच कमरेला अडकवलेला. म्हटलं, "अरे, हा काय प्रकार?" तो हसला. "लावायचा कुठं सायेब?"

वर बघितलं, आजूबाजूला बघितलं. खरंच, लावायला काही नव्हतं. लाइफलाइनचा दोर कुणी ओढलेलाच नव्हता. आणि तो ओढून घेणं हे माझं काम होतं, त्याचं नव्हे.

तो पडला असता तर पेपरात काय आलं असतं ते पाठ आहे: "तोल जाऊन मजुराचा मृत्यू". वीस वर्षं बांधकामात आहे, या "तोल जाऊन"ची मला चीड येते. दिवसभर घमेली वाहणाऱ्या माणसाचा तोल कधीतरी जाणारच. कडेला कठडा का नव्हता, ते बोला.

आपल्याकडे नोंदणीकृत कारखान्यांत 2017 ते 2020 या काळात वर्षाला सरासरी 1,109 कामगार कामावर मेले. रोज तीन. हा सरकारी आकडा, आणि त्यात इमारतींच्या साइट धरलेल्याच नाहीत. आमच्या परांच्या आणि डक्ट, म्हणजे लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळ्या, त्या हिशेबाबाहेर.

ब्रिटनमध्ये 1974 साली कामावर 651 माणसं गेली होती, 2024-25 मध्ये 124. तिथल्या खाणी आणि जड उद्योग बंद पडले हाही त्यातला मोठा भाग, मान्य. तरी त्या 124 पैकी 35 उंचीवरून पडूनच गेले आणि सगळ्यात मोठं कारण आजही तेच आहे. तिथला उंचीवरच्या कामाचा नियम मात्र शिकण्यासारखा. आधी विचारतो, हे काम जमिनीवर करता येईल का? नसेल तर पडताच येणार नाही असा कठडा लावा. तेही जमत नसेल तरच जाळी आणि बेल्ट. आम्ही सुरुवातच बेल्टपासून करतो. बेल्ट वाटला, सही घेतली, फोटो काढला, झाली सेफ्टी!

एक मृत्यू मी जवळून पाहिला आहे. साइट कुठली ते सांगत नाही. लिफ्टच्या डक्टवर प्लायचा तुकडा टाकून ठेवला होता. ना खिळा, ना खूण. सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, प्लाय कमी पडला म्हणून एक पोरगा तो उचलायला गेला. दोन्ही हातांनी समोर उभा धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. प्लायमुळे पायाखालचं दिसतच नव्हतं. हेल्मेट घातलेलं होतं, पट्टासुद्धा नीट आवळलेला. पंचनाम्यात हेल्मेटची नोंद झाली, प्लायची नाही.

मोठ्या घटनांची निदान चर्चा तरी होते. 1 ऑगस्ट 2023 ला समृद्धीच्या कामावर शहापूरजवळ पुलाच्या तुळया वर चढवणारं यंत्र, गर्डर लाँचर, कोसळून 20 जण गेले. पुढच्याच महिन्यात ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळली, 7 मजूर गेले. पण एकेकटा पडणारा कुणाच्या लक्षात राहत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात बांधकामावर सुरक्षा अधिकारी सक्तीचा, पण 250 कामगार असतील तर. गल्लीतल्या सात मजली इमारतीवर तीस-चाळीस माणसं असतात. तिथे सेफ्टी म्हणजे मुकादमाची आरोळी.

याला फार पैसा लागतो असंही नाही. स्लॅब भरताना डक्टच्या जागी सळईची जाळी तोडायचीच नाही, सलग ठेवायची. काँक्रीट फक्त भोवतीनं. माणूस जाळीवर पडेल, खाली जाणार नाही. लिफ्टवाला आला की तेवढ्या सळया कापून द्यायच्या. आम्ही दोन साइटवर हे करतोय.

परवा तिसऱ्या साइटच्या ठेकेदाराला हेच सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचारलं, "पण साहेब, नंतर ती सळई कापायची मजुरी कुणाच्या बिलात धरायची?"

माझ्या, म्हटलं.