प्रबळगड पुन्हा दिसतो

माथेरानला ‘पॉइंट’ नावाची जी गोष्ट पाहायची असते, तिची व्याख्या सोपी आहे: जिथे डोंगर संपतो आणि आणखी एक पाऊल टाकल्यास पर्यटकही संपतो, त्या जागेला पॉइंट म्हणावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार माथ्यावर बऱ्यापैकी सपाट आणि कडेने जवळजवळ सर्वत्र तुटलेले असल्यामुळे तिथे कड्यांना तोटा नाही, आणि म्हणून पॉइंटांनाही नाही. त्यांची संख्या तिसाच्या वर आहे एवढ्यावर सर्वांचे एकमत होते. नेमका आकडा घोड्यागणिक बदलतो. शहाण्या माणसाने यातले दोन-तीन कडे निवडावेत, झाडाखाली बसावे आणि भूक लागली की बाजारात यावे. परंतु मी माथेरानला गेलो तो माझ्या मेहुण्यांबरोबर, आणि मेहुणे लेखापरीक्षक आहेत. एखाद्या यादीतली एकही नोंद खूण न करता सोडणे त्यांच्या स्वभावातच नाही. नेरळ स्थानकावर उतरायच्या आधीच त्यांनी पॉइंटांची यादी वहीत उतरवून, समोर ‘पाहिला’ आणि ‘शेरा’ असे दोन रकाने आखून ठेवले होते.

नेरळहून वर जाण्याचा रास्त मार्ग म्हणजे छोटी गाडी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशाच्या बळावर हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधला आणि १९०७ साली तो सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटरच्या या वाटेवर गाडी इतकी वळणे घेते, की काही ठिकाणी आपण नुकतेच सोडलेले झाड पुन्हा समोर येऊन उभे राहते. वाटेत बोगदा एकच आणि तोही इतका आखूड, की इंग्रजांनी त्याची लांबी एका चुंबनात मोजली. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीने हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला होता आणि तो पूर्ववत व्हायला २००७ साल उजाडले. हे सगळे मी मेहुण्यांना आस्थेने सांगितले. परंतु गाडीला दोन तासांहून अधिक वेळ लागतो हे कळताच ‘दाजी, तेवढ्यात आपले चार पॉइंट होतील,’ असे म्हणून त्यांनी टॅक्सी ठरवली.

टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तिथून पुढे मोटारींना बंदी आहे आणि माथेरानचे माथेरानपण त्या बंदीवरच टिकले आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. मात्र हे मत दोन्ही हातांत बॅगा घेऊन आणि प्रवासी कराच्या रांगेत उभे राहून बाळगणे फार कठीण जाते. पावती फाडून आत पाऊल टाकले, की घोडेवाले, हमाल आणि हॉटेलांचे प्रतिनिधी आपल्याला असे वेढतात, की बोहल्यावरच्या नवरदेवालाही कधी इतके महत्त्व मिळत नसावे. बाजार इथून चालत पाऊण तासावर असतो, हे सत्य त्या गर्दीत कोणीही उच्चारत नाही. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून छोटी गाडी मिळते, आता ई-रिक्षाही आल्या आहेत. पण दोन्हींच्या रांगा पाहून मेहुण्यांनी मनातल्या मनात काही भागाकार केला आणि आम्ही रुळांच्या कडेने चालू लागलो. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षांचा पर्याय मी विचारातही घेतला नाही. त्या सहा महिन्यांत बंद कराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली बजावले. माझ्या वजनाचा माणूस त्याआधीच त्यात बसला असता, तर निकाल कदाचित आणखी लवकर लागला असता.

पॉइंटदर्शनाला घोडा हवाच, असे घोडेवाल्याचे म्हणणे पडले. मला दिलेला घोडा उंच, विचारी आणि काहीसा उदास होता. घोड्यावर बसण्याची क्रिया छायाचित्रांत जितकी ऐटबाज दिसते तितकी ती प्रत्यक्षात नसते. मला दोघांनी उचलले, तिसऱ्याने पलीकडून ओढले आणि सौभाग्यवतींनी ‘जपून हो’ असे घोड्याकडे पाहून म्हटले. या प्राण्याची एक खोड तिथे गेलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येते. रस्ता कितीही रुंद असो, तो दरीकडच्या अगदी काठावरून चालतो. आतल्या बाजूला लाल मातीचा प्रशस्त पट्टा मोकळा पडलेला असतो, पण घोडेमहाराजांना निसर्गसौंदर्याची ओढ अनावर. मी घोडेवाल्याला हाक मारली, तर तो मागून मोबाइलवर बोलता बोलता म्हणाला, ‘काय नाय होत साहेब, त्याला सगळं माहितीये.’ त्याला माहीत होते याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला काहीच माहीत नव्हते, हा खरा प्रश्न होता.

पश्चिमेच्या कड्यावरून पहिला पॉइंट आला तेव्हा घोडेवाल्याने समोरच्या भल्यामोठ्या डोंगराकडे बोट दाखवून ‘प्रबळगड’ असे सांगितले. दृश्य खरोखर भव्य होते. मध्ये खोल दरी, पलीकडे काळाकभिन्न कातळ, त्याच्या माथ्यावर झाडीची दाट रेघ. मुरंजन हे त्याचे जुने नाव मला आठवले, मी ते मोठ्याने सांगितले आणि सर्वांनी दुर्लक्ष केले. वहीत खूण झाली. मग लुईझा पॉइंट आला आणि समोर प्रबळगड उभा. पुढच्या पॉइंटवरही प्रबळगडच, फक्त किंचित डावीकडे सरकलेला. मी ही बाब मेहुण्यांच्या कानावर घातली, तेव्हा ‘पॉइंट वेगळा आहे ना, दाजी,’ असे सांगून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ असे लिहिले. माझी खात्री आहे, की प्रबळगडावर बसून कोणी आमच्याकडे पाहत असेल, तर त्याला एकच कुटुंब दिवसभर कड्याच्या काठाने सरकताना दिसले असेल आणि आमचे काहीतरी हरवले आहे असा त्याचा समज झाला असेल.

एको पॉइंटवर हाक मारणे बंधनकारक आहे. तिथे आधीच उभ्या असलेल्या जमावातला प्रत्येकजण आपले नाव दरीत फेकत होता, आणि दरी बिचारी मिळतील तेवढी नावे गोळा करून थोड्या विलंबाने, एकात एक मिसळून परत करत होती. मेहुण्यांनी घसा साफ करून ‘दाजीऽऽ’ अशी आरोळी ठोकली. ती समोरून परत येईपर्यंत जमावातले निदान चौघे दाजी ‘काय?’ म्हणून मागे वळले होते. या गदारोळाचा लाभ घेऊन एका वानराने सौभाग्यवतींच्या हातातले चिक्कीचे पाकीट काढून घेतले आणि झाडावर बसून ते इतक्या सफाईने सोडले, की चिक्कीचे पाकीट उघडण्यासाठी दात वापरावे लागतात ही माझी समजूत योग्य असल्याचे सिद्ध झाले.

शार्लट तलाव मात्र मला मनापासून आवडला, कारण तिथून प्रबळगड दिसत नाही. हा तलाव गावाच्या पाण्यासाठी आहे आणि त्याच्या काठी दाट सावलीत पिसरनाथाचे देऊळ आहे. इंग्रजी नावांच्या या गर्दीत गावाचे ग्रामदैवत आपले मुकाट बसून आहे. नावांवरून आठवले. हे ठिकाण ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली ‘शोधले’ असे सर्वत्र लिहिलेले असते. मे महिन्यात चौक गावाजवळ मुक्काम असताना साहेब हा डोंगर चढून गेले, त्यांना वरची हवा मानवली, आणि पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनाही ती मानवल्यावर बंगले उठू लागले. धनगर, ठाकूर आणि कातकरी मंडळी या डोंगरावर त्याआधीपासून वावरत होती. परंतु त्यांच्याजवळ यादी नसल्यामुळे त्यांनी काही शोधले असे धरले जात नाही.

याच गावात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते शिकून वकील झाले, बेचाळीसच्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हुतात्मा भाई कोतवालांविषयी काही पाहायचे आहे, असे मी घोडेवाल्याला म्हणालो. तो एकदम सावरून उभा राहिला आणि त्याने मला त्यांच्याबद्दल अशी माहिती सांगितली, जी त्याने दिवसभरात कुठल्याही पॉइंटबद्दल दिली नव्हती. त्याच्या आजोबांनी ऐकवलेली. त्या बोलण्यात चांगला अर्धा तास गेला आणि त्याने त्याचे पैसे लावले नाहीत. मेहुणे वही मिटून ऐकत होते, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

पूर्वेकडचे अलेक्झांडर, रामबाग वगैरे आम्ही दुपारच्या उन्हात उरकले. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फार नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत घोड्याचे खोगीर आणि मी यांच्यातले संबंध इतके बिघडले होते, की मी उरलेले अंतर पायी जाणे पसंत केले. माथेरानची लाल धूळ बूट, मोजे आणि पायजमा यांच्यात कोणताही भेदभाव करत नाही. रामबागच्या झाडीत मात्र एक शेकरू दिसले. तांबूस अंगाचा, लांबलचक शेपटीचा तो प्राणी एका फांदीवरून दुसरीवर असा गेला, की मी तिथेच बसकण मारली. यादीत शेकरूला रकाना नसल्यामुळे आम्हाला तिथे फार वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी सनसेट पॉइंटवर सारे माथेरान लोटले होते. मक्याची कणसे, लिंबू सरबत, तोंडाला फेस आलेले घोडे, रडणारी मुले आणि त्यांना गप्प करणारे, त्यांच्याहून मोठ्याने ओरडणारे बाप. सूर्य ज्याच्या आड जाणार तो डोंगर कोणता, हे एका गृहस्थांनी मला विचारले. मी सांगितले. ते खूश होऊन म्हणाले, ‘अरे वा, अजून पाहिला नव्हता!’ मी त्यांना लुईझा पॉइंटला अवश्य जाण्याचा सल्ला दिला.

रात्री जेवण झाल्यावर मेहुण्यांनी वहीची बेरीज घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. खंडाळा पॉइंट राहून गेला होता. हॉटेलच्या पोऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की बाजारापासून अगदी जवळचा पॉइंट तोच आणि आम्ही आल्यापासून प्रत्येक वेळी चहाला ज्या कठड्याशी उभे राहत होतो, तो त्याचाच. मी सुटकेचा श्वास टाकला आणि खूण करून टाका म्हणालो. मेहुण्यांनी पेन उचलले, थोडा विचार केला आणि टोपण पुन्हा लावले. तो रीतसर पाहिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि त्यांनी सकाळी सहा वाजता दोन घोडे सांगून ठेवले.